येळकोट राहीना: बेळगाव, चिंचली, मंगसुळी

शुक्रवार, बेळगाव

मार्गशीर्षातली बेळगावची सकाळ पुण्यापेक्षा एक स्वेटर जास्त मागते. रात्रीच्या गाडीनं उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर धुकं होतं, आणि रिक्षावाला माझ्याशी मराठीत, फोनवर बायकोशी कानडीत आणि समोर आडव्या आलेल्या टेम्पोवाल्याशी हिंदीत बोलत होता. तिन्ही भाषांत सारखाच चिडलेला.

आत्याचं घर शहापुरात, विणकरांच्या जुन्या गल्लीत. एकेकाळी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि लगतचं बेळगाव इंग्रजांकडं. आत्याचे सासरे अगदी शेवटपर्यंत ‘बेळगावात जाऊन येतो’ म्हणून निघत आणि चालत दहा मिनिटांवर जाऊन परत येत. आता हातमाग जवळजवळ संपले. एखाद्या बोळात पॉवरलूमचा खडखडाट तेवढा ऐकू येतो.

चहा घेत कट्ट्यावर बसलो होतो. शेजारचे काका बसकंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गल्लीत नळाला पाणी आलेलं, बायका घागरी घेऊन रांगेत, आणि हे दारात उभं राहून, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा!" आत्या कपात बघत म्हणाली, "वाघ्याचा पाग्या केला, खरं येळकोट काय ऱ्हाईना." (बेळगावच्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पहिल्यांदा येणाऱ्याचा इथं हमखास गोंधळ होतो.)

पुण्यात मी ही म्हण अर्धीच ऐकलेली: येळकोट राहीना, मूळ स्वभाव जाईना. ऑफिसात, टीव्हीवर, राजकारण्यांच्या एकमेकांवरच्या टोमण्यांत. वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला भक्त, पाग्या म्हणजे घोडेस्वार आणि येळकोट ही खंडोबाची आरोळी. त्यातले वाघ्या आणि पाग्या कधी गळून पडले कुणास ठाऊक. मागं उरला तो नुसता टोमणा. आत्याच्या तोंडून अख्खी म्हण ऐकली आणि प्रश्न पडला, की या माणसाला घोड्यावर बसवलं कुणी आणि का?

आमचं कुळदैवत मंगसुळीचा खंडोबा. मंगसुळी पूर्वी अथणी तालुक्यात होती, आता कागवाडमध्ये आहे. जेजुरी, पाली, नळदुर्ग यांच्या जोडीनं खंडोबाची जी मोठी ठाणी सांगतात, त्यांत तिचं नाव येतं. चंपाषष्ठीच्या आत एकदा दर्शन घ्यायचं आत्याच्या मनात होतंच. तेव्हा तिला सोबत आणि मला म्हणीचा माग, असं ठरलं.

दुपारी किल्ल्यात जाऊन कमलबस्ती पाहिली. रट्टांच्या काळातलं, 1204 सालचं हे जैन मंदिर. मंडपाच्या छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ बघताना मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो. परतताना कॅम्पातून आलो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच. रेजिमेंटचा इतिहास 1768 पर्यंत मागं जातो. रस्त्याकडेनं पोरं पळत होती, आणि प्रत्येकाच्या मागं सायकलवर कुणीतरी बाप किंवा काका घड्याळ घेऊन. भरतीची तयारी.

कुंदा (इथली खव्याची मिठाई) घ्यायचा असेल तर परतीच्या दिवशीच घ्या. आम्ही पहिल्याच संध्याकाळी अर्धा किलो घेतला, तो रात्री जेवणानंतर संपला.

शनिवार, रायबाग, चिंचली, उगार

सकाळची बस. कर्नाटकात साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही. 2023 च्या जूनपासूनची ही सोय. मात्र राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. आत्यानं आधारकार्ड काढून कंडक्टरच्या नाकासमोर धरलं, शून्य रुपयांचं तिकीट घेतलं आणि माझ्या तिकिटाचे पैसे मोजताना माझ्याकडं बघून समाधानानं हसली. घटप्रभा ओलांडली की ज्वारीची रानं मागं पडतात आणि ऊस लागतो. हंगाम असल्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर. स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, आणि बाहेर आलेला ऊस शेवटच्या क्षणी दिसतो.

रायबागला खानावळीत जेवलो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, ताक आणि येण्णेगाई, म्हणजे भरल्या वांग्याचा तिकडचा अवतार. तेलात न्हालेली, देठासकट अख्खी जांभळी वांगी. मी हात घातला आणि आत्यानं माझ्या ताटातलं वांगं अलगद उचलून बाजूला ठेवलं. "सट व्हायची हाय अजून."

खंडोबा ज्यांच्या कुळात, त्यांच्यात चातुर्मासापासून वांगं बंद असतं ते चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवायचा, मग खायचं. म्हणून तिला वांगेसट म्हणायचं. मला हे माहीत होतं, पण पुण्यात पाळत कोण बसलंय? वाढणारा मुलगा कानडी. त्यानं आत्याकडं बघितलं, काही न विचारता "मैलार?" एवढंच म्हणाला आणि वांग्याच्या जागी मुगाची उसळ ठेवून गेला. कानडी मुलखात खंडोबा म्हणजे मैलार. म्हाळसेची तिथं गंगी माळव्वा होते आणि बाणाईची कुरुबत्येव्वा. नावं बदलली तरी घरातली भांडणं तीच असणार.

चिंचलीला मायाक्काचं दर्शन घेतलं. माघातल्या यात्रेला इथं पाय ठेवायला जागा मिळत नाही. आज देवळात धनगरांची दोन कुटुंबं आणि आम्ही. कपाळाला भंडारा लागला. "मायाक्काच्या नावानं चांगभलं!" कानडी बोलणारेही आरोळी हीच देतात.

कुडचीहून कृष्णेच्या पुलावरून उगारला आलो तेव्हा ऊन कलतं होतं. नदीवर धुराची पट्टी आणि हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. पहिल्या दहा मिनिटांत नको होतो, नंतर कळतही नाही. मुक्काम आत्याच्या नणंदेकडं. पोचल्यावर समजलं, की शेजारी नुकतंच लग्न झालंय आणि आज रात्री जागरण आहे. मी ज्याच्यासाठी उद्या मंगसुळीत माणसं शोधणार होतो, ते आज आपणहून शेजारच्या अंगणात येणार होतं.

रात्री दहाला सुरुवात. उसाच्या पाच ताटांची खोपटी बांधलेली, खाली चौक मांडलेला, दिवटी पेटलेली. वाघ्ये तीन. एकाकडं दिमडी, एकाकडं तुणतुणं आणि मधल्या म्हाताऱ्याच्या हातात घाटी. घाटी म्हणजे लहान घंटा. तिच्या लयीवर सगळं गाणं चालतं. त्यांच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी होती, साध्या कापडाची. ही पूर्वी वाघाच्या कातड्याची असे, वाघ्या हे नाव त्यावरूनच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर कातडं गेलं, नाव राहिलं.

मुरळीच्या जागी एक पोरगेलासा माणूस पदर घेऊन नाचत होता. मुली देवाला वाहणं कायद्यानं बंद आहे. मुंबई इलाख्यात 1934 साली पहिला कायदा झाला, कर्नाटकानं 1982 साली आणखी कडक केला. नवस बोलून मूल द्यायचं ते मुलगा असला तर वाघ्या, मुलगी असली तर मुरळी. वाघ्याला लग्न करता येई, शेती करता येई, आणि म्हणीवर विश्वास ठेवायचा तर घोडाही मिळे. मुरळीचं लग्न देवाशी लागलेलं, त्यामुळं तिला दुसरीकडं कुठं जायची वाटच नव्हती. ‘मुरळीची अमुक झाली’ अशी म्हण नाही, ती उगाच नाही.

मध्यरात्रीनंतर चहासाठी गाणं थांबलं तेव्हा मी त्या म्हाताऱ्यांजवळ सरकलो. ताठ कणा, बारीक कापलेले केस, मिशीला पीळ. बाकी दोघे मांडी घालून सैलावले होते, हे मात्र घाटी मांडीवर बरोबर मधोमध ठेवून बसलेले.

"मामा, तुम्ही कुठले?"

"हितलाच की ओ. पलटणीत हुतो, हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. बसा, पाव्हणं."

मी म्हणीचं विचारायला जरा कचरत होतो. वाघ्याच्या तोंडावर ‘वाघ्याचा पाग्या’ कसं म्हणायचं? तर आत्याच मागून म्हणाली, "ह्यो म्हणीचं विचारायलाय बघा. वाघ्याचा पाग्या."

ते हसले. दुखावले वगैरे अजिबात नाहीत. मग मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. पागा म्हणजे सरकारी घोड्यांचा तबेला आणि पाग्या म्हणजे पागेतला स्वार. शिवकाळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. अशा पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पंचवीस घोड्यांमागं पाणी भरायला एक पखालजी व नाल ठोकायला एक नालबंद. ज्याच्याकडं घोडा घ्यायची ऐपत नाही, पण अंगात धमक आहे, त्याला पागेत जागा मिळायची. दारोदार कोटंबा, म्हणजे भिक्षेचं पात्र, पुढं करून वारी मागणाऱ्या वाघ्याला घोडा, हत्यार आणि पगार मिळणं म्हणजे नशीबच उघडणं.

"हवालदार तवाबी हुता?" त्यांना एवढंच भिडलं. "मग मी पाग्याच की."

आणि त्यांनी आपली गोष्ट सांगितली. आईबापाला मूल होत नव्हतं. मंगसुळीला नवस बोलले आणि पहिला झाला तो हा. लहानपणीच गळ्यात भंडाऱ्याची पिशवी पडली, बापाबरोबर दर रविवारी पाच घरं वारी मागायची. अठराव्या वर्षी बेळगावला पळाले, पहिल्याच खेपेला भरती झाले. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी मिळून जयजयकार करायचा असे, सगळे थांबले तरी यांच्या तोंडून सवयीनं वर एक "येळकोट!" निघायचा. उस्ताद सातारचा, पालीकडचा. रागवायचं सोडून तो दबक्या आवाजात "जय मल्हार" म्हणून पुढं जायचा.

"लोक म्हणीत्यात, पाग्या केला तरी येळकोट जात न्हाई. मी म्हणतो, जाईल कसा? माझी पयली भरती मंगसुळीत झाल्ती. पलटण मागनं आली."

मी वही काढली नव्हती, पण हे वाक्य विसरणं शक्य नव्हतं. येळकोट म्हणजे कानडीतलं एळु कोटी, सात कोटी. मणी आणि मल्ल या दैत्यांवर चालून गेलेल्या मार्तंडभैरवाच्या, म्हणजे खंडोबाच्याच, फौजेची ती संख्या. वाघ्या ‘येळकोट’ म्हणतो तेव्हा तो त्या फौजेचं नाव घेत असतो, म्हणजे एका अर्थी आपली पलटण सांगत असतो. मग म्हणीतला तो माणूस पागेत गेला तेव्हा शिपाई झाला असं नाही, तो आधीपासूनच कुणाच्या तरी सैन्यात होता. शहरात ही म्हण आपण वाईट सवयीसाठी वापरतो. इथं, ज्यांच्यावरून ती निघाली त्यांच्यात, ती इमानाची गोष्ट आहे. मला हा अर्थ जास्त पटतो, आणि तो हवालदार मामांनी सांगितला म्हणूनच नाही. नुसत्या खोडीसाठी ‘जित्याची खोड’ आहे, ‘सुंभ जळाला तरी पीळ’ आहे. तेवढंच सांगायचं असतं तर वाघ्या आणि घोडा कशाला आणला असता?

पहाटे चारला आरती झाली. थंडी अशी की दिमडी दिवटीवर शेकून घ्यावी लागत होती, नाहीतर आवाज बसायचा.

रविवार, मंगसुळी

दोन तास झोपून वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीनं, मंगसुळी गाठली. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरण्याची व्याख्या चालकाकडं असते. रस्त्यावरच्या बऱ्याच पाट्या फक्त कानडीत आहेत. वाचता येत नसेल तर पाटी शोधू नका, माणूस शोधा. मराठी सगळ्यांना कळतं.

रविवार खंडोबाचा, त्यात देवदिवाळीनंतरचं षड्‌रात्र, म्हणजे चंपाषष्ठीपर्यंतचा सहा दिवसांचा उत्सव, चालू. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरकडच्या गाड्या लागलेल्या. देवळात शिरतानाच फरशी पायाला मऊ लागते, भंडाऱ्याचा थर. फुटलेल्या खोबऱ्याचे तुकडे, बेलाची पानं आणि सगळ्यांची डोकी पिवळी. पांढरे कपडे घालून जाऊ नका, म्हणजे पुन्हा घालायचे असतील तर. हळदीचा डाग साबणानं आधी लाल होतो, मग फिकट होतो, जात मात्र नाही. फोन पिशवीत ठेवा, चार्जिंगच्या भोकात भंडारा गेला की काढता काढता नाकी नऊ येतात.

तळी भरायला पाच जण लागतात. आम्ही दोघंच. आत्यानं आजूबाजूला बघून तिघांना हाक मारली. इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला, विजापूरकडचा एक कानडी शेतकरी आणि त्याचा शाळकरी मुलगा. ताम्हणात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा. पाचही जणांनी उकिडवं बसून ताम्हणाला हात लावायचा आणि उचलायचं. "सदानंदाचा येळकोट!" आम्ही म्हणालो. शेतकरी त्याच दमात "एळु कोटी, एळु कोटी!" म्हणाला. दोन्ही आरोळ्या एकमेकींत इतक्या चपखल बसल्या की मुलगा मधेच हसायला लागला. ताम्हण तीनदा उचललं, टेकवलं, भंडारा उधळला. त्या शेतकऱ्याच्या काळ्या घोंगडीवर तो जो काही उठून दिसला!

त्यानं मोडक्या मराठीत सांगितलं, त्यांच्याकडं वाघ्यासारखे ते गोरवय्या. अंगावर काळी कांबळी, डोक्याला अस्वलाच्या केसांची टोपी, हातात डमरू. मैलार नावाच्या मूळ गावी ते उंच धनुष्यावर चढून वर्षाचं भाकीत एका वाक्यात सांगतात, त्याला कारणिक म्हणतात. अर्थ ज्याचा त्यानं लावायचा. पाऊस, पीक आणि अलीकडं निवडणूकही.

"आणि गोरवय्या फौजेत गेला तर?" मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. आत्यानं कानडीतून समजावला. तो विचार करून म्हणाला, "हुट्टु गुण सुट्टरू होगोल्ल." जन्माचा गुण भाजला तरी जात नाही.

देवळाबाहेर दुपारी शेंगदाण्याचा लाडू आणि मिरची भजी. भजीतली मिरची जवारी, तिखट आहे हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. पोट भरेल असं जेवण हवं असेल तर उगार किंवा कागवाड गाठा, देवळाजवळ फराळावर भागवावं लागतं. राहायला मिरज सोयीचं. तिथून सकाळी निघून दर्शन करून दुपारपर्यंत परतता येतं.

सोमवार, परतीला

नणंदेनं निघताना पाच बाजरीचे रोडगे आणि वांग्यांची पिशवी दिली. षष्ठीच्या आधी पिशवी उघडायची नाही, अशी तंबी. पुण्यात वांगी मिळत नाहीत असा तिचा समज आहे आणि तो मी दूर करणार नाही. अशी बारीक काटेरी वांगी खरंच मिळत नाहीत.

मिरजेच्या वडापमध्ये पुन्हा तोच विषय निघाला. आत्यानं चालकाला म्हण ऐकवली, हवालदार मामांचं सांगितलं, शेतकऱ्याचं कानडी वाक्यही. चालक दोन्ही भाषांतला. तो म्हणाला, "मावशी, दोन्हीचा अर्थ एकच की ओ."

"एक कसा?" आत्या म्हणाली. "त्येच्यात घोडा कुठाय?"

मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, घोडा नसला तरी चालंल, आधी हिटर लावा. हिटर नव्हता. म्हैसाळ येईपर्यंत सगळे काच वर करायच्या खटपटीत होते.